आईंच्या मणक्यातली गाठ: मोठा छेद की नळीतून ऑपरेशन?

प्रश्न : माझी आई ६१ वर्षांची आहे. वर्षभर तिची पाठ दुखते आहे आणि रात्री आडवं झाल्यावर जास्त दुखते. पाय जड पडायला लागले तेव्हा गुडघ्यांची झीज म्हणून औषधं झाली. कमरेचा एमआरआय झाला, त्यात वयोमानाच्या झिजेपलीकडे काही निघालं नाही. आता चालताना तोल जातो, पायातली चप्पल निसटते आणि तिला ते कळतही नाही. गेल्या आठवड्यात पूर्ण मणक्याचा एमआरआय केला. डी-७ आणि डी-८, म्हणजे छातीमागच्या सातव्या आणि आठव्या मणक्यांच्या पातळीवर, डावीकडे मागच्या बाजूला, साधारण २ सेंटिमीटरची गाठ आहे. रिपोर्टमध्ये ‘इंट्राड्यूरल एक्स्ट्रामेड्युलरी, मेनिन्जिओमाची शक्यता’ असं लिहिलंय. एका न्यूरोसर्जननी नेहमीचं उघडं ऑपरेशन सांगितलं. दुसरे म्हणाले, ३ सेंटिमीटरच्या छेदातून नळी घालून काढू. आईला मधुमेह आहे, अ‍ॅस्पिरिनची गोळी चालू आहे. मामांचं म्हणणं, गाठ कॅन्सरची नसेल तर मणक्याला हातच लावू नका. आम्ही काय करावं? – एक मुलगा, सातारा

उत्तर : आधी मामांच्या शंकेबद्दल, कारण घरातला निर्णय तिथेच अडकलेला दिसतो. मेनिन्जिओमा म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणातून उगवणारी गाठ. मणक्यातली अशी गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते आणि हळूहळू वाढते, हे खरं. पण इथे धोका गाठीच्या जातीचा नाही, जागेचा आहे. छातीमागच्या मणक्यांत मज्जारज्जूभोवती मोकळी जागा मुळातच कमी असते. गाठ वाढत जाते तशी मज्जारज्जू एका बाजूला सरकते, चपटी होते, आणि बराच काळ काम भागवून नेते. मग ती सोय संपते आणि पायांची ताकद झपाट्याने जायला लागते. चप्पल निसटणं आणि ते न कळणं याचा अर्थ पायांची जाणीव वर पोचवणाऱ्या तंतूंवर दाब आलेला आहे. ऑपरेशननंतर माणूस कितपत चालेल, हे सगळ्यात जास्त कशावर ठरतं तर ऑपरेशनच्या दिवशी तो किती चालत होता यावर. आई आज स्वतःच्या पायांनी चालतायत, ही त्यांची सगळ्यात मोठी जमेची बाजू. ती वाट बघण्यात घालवू नका. महिने नाही, आठवड्यांच्या हिशेबाने तारीख घ्या.

आणि काही गोष्टी घडल्या तर तारखेची वाट बघायची नाही. लघवी अडकली किंवा सुटली, जांघा आणि बसण्याचा भाग बधिर झाला, एक-दोन दिवसांत चालणं स्पष्टपणे बिघडलं, तर त्याच दिवशी न्यूरोसर्जरी विभाग असलेल्या रुग्णालयात न्या, रात्र असली तरी. तोवर मालिश, पाठीवर वजन लावणं, मणका ‘बसवून’ घेणं यातलं काहीही करू नका. पाय बधिर असताना गरम पाण्याच्या पिशवीने शेकणंही बंद करा. भाजलेलं कळत नाही आणि तळपायाला फोड आलेले दोन दिवसांनी दिसतात. मधुमेहात ही जखम महिनोन् महिने चिघळते.

कमरेच्या एमआरआयमध्ये गाठ दिसली नाही, याचं कारण त्या तपासणीत डी-७ येतच नाही. पाय जड पडतात म्हणून कमरेचा एमआरआय करायचा आणि वरचा भाग राहून जायचा, हा प्रकार दुर्दैवाने वरचेवर होतो. दोन गोष्टी अजून झाल्या नसतील तर करून घ्या. एक म्हणजे गॅडोलिनियम इंजेक्शन देऊन केलेला एमआरआय. मेनिन्जिओमा त्यात एकसारखा उजळतो आणि ड्यूराला, म्हणजे मज्जारज्जूवरच्या जाड आवरणाला, तो नेमका कुठे चिकटलाय ते कळतं. त्याआधी मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे कळायला रक्तातलं क्रिएटिनिन बघायला हवं. दुसरी गोष्ट म्हणजे त्या पातळीचा साधा सीटी स्कॅन. या गाठीत कधी कधी कॅल्शियम भरून ती दगडासारखी कडक होते, आणि ते एमआरआयवर नीट कळत नाही. कडक गाठ अरुंद नळीतून काढणं ही वेगळीच कसरत असते, म्हणून हे आधी माहीत हवं. आई बरीच वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेत असतील तर बी-१२ जीवनसत्त्वही तपासा. त्याच्या कमतरतेनेही तोल जातो आणि पाय बधिर होतात. ते सापडलं तर ऑपरेशन टळत नाही, पण इंजेक्शनं लगेच सुरू करता येतात आणि नंतरची सुधारणा अडत नाही.

आता पद्धतीकडे. कुठली पद्धत योग्य, हे गाठ कुठल्या कप्प्यात आहे त्यावर ठरतं. ड्यूराच्या बाहेरच्या गाठी बहुतांशी दुसरीकडच्या कॅन्सरमधून आलेल्या असतात. तिथे छोट्या छेदांतून स्क्रू घालून मणका स्थिर करायचा, मज्जारज्जू आणि गाठ यांच्यात काही मिलिमीटर मोकळी जागा करायची आणि उरलेलं काम नेमक्या किरणोपचारावर सोपवायचं, अशी दिशा आज असते. मज्जारज्जूच्या आत उगवलेल्या गाठींसाठी, एपेंडिमोमा किंवा अ‍ॅस्ट्रोसायटोमासाठी, मज्जारज्जू मधोमध उभी उघडावी लागते. तिथे रुंद, सरळ दृष्टी लागते आणि नळीचा आग्रह धरू नये. मधला कप्पा म्हणजे ड्यूराच्या आत पण मज्जारज्जूच्या बाहेर, रिपोर्टमधलं ‘इंट्राड्यूरल एक्स्ट्रामेड्युलरी’ ते हेच. मेनिन्जिओमा आणि श्वानोमा (नसेच्या आवरणाची गाठ) इथे असतात, आणि कमी चिरफाडीच्या पद्धतीचा सगळ्यात जास्त उपयोग याच कप्प्यात होतो. आईंची गाठ इथलीच आहे, लहान आहे, दोन मणक्यांच्या आत आहे आणि मागे-डावीकडे आहे. कागदावर तरी नळीसाठी याहून सोयीची गाठ मिळणं कठीण.

तरीही पहिल्या सर्जननी सांगितलेलं ऑपरेशन जुनाट किंवा चुकीचं समजू नका. मणक्यातली गाठ यशस्वीपणे काढण्याची सुरुवात लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्सली यांनी १८८७ साली केली, ती मागची हाडं काढूनच. आजही मोठ्या आणि अवघड गाठींसाठी तोच राजमार्ग आहे. त्यात मधोमध ८ ते १० सेंटिमीटरचा छेद घेतात, दोन्ही बाजूंचे स्नायू हाडापासून सोडवतात, आणि दोन-तीन मणक्यांचे मागचे काटे व दोन्ही बाजूंच्या कमानी काढतात. सूक्ष्मदर्शक दोन्हीकडे तोच असतो. गाठ काढण्याची पद्धतही तीच असते. फरक वाटेत काय काय मोडलं जातं, एवढाच.

त्या मोडतोडीचे परिणाम तीन. स्नायू सोडवल्याने पाठदुखी जास्त दिवस राहते. हाडं आणि स्नायू गेल्याने आत पोकळी राहते आणि तिथे मज्जारज्जूभोवतीचं पाणी साचू शकतं. आणि मागचा आधार गेल्याने पुढे काही वर्षांत मणका पुढे वाकू शकतो. हे तिसरं लहान मुलांत आणि मानेच्या मणक्यात खरोखर मोठं संकट आहे. म्हणून मुलांत कमानी कापून बाजूला ठेवतात आणि शेवटी छोट्या पट्ट्यांनी परत बसवतात. पण डी-७, डी-८ला बरगड्यांचा पिंजरा धरून असतो. त्यामुळे मणके जोडणारे सांधे शाबूत ठेवले तर आईंच्या बाबतीत वाकण्याची भीती कमी. नळीचा त्यांना मिळणारा फायदा मुख्यतः कमी दुखणं, कमी रक्तस्राव, लवकर उठणं आणि मधुमेहात लहान जखम हा आहे. मोलाचा आहे, पण त्यासाठी गाठ अर्धवट राहण्याचा किंवा ड्यूरा नीट न शिवला जाण्याचा धोका पत्करावा इतका मोठा नाही.

या दोन टोकांच्या मधला एक पर्याय तुमच्यापुढे कुणी ठेवलेला दिसत नाही. त्याला हेमिलॅमिनेक्टमी म्हणतात. मधोमध ४-५ सेंटिमीटरचा छेद, फक्त डाव्या बाजूचे स्नायू बाजूला, फक्त डावी अर्धी कमान काढायची. उजवी बाजू, मधला काटा आणि त्याला धरणारे बंध जसेच्या तसे. नळी लागत नाही, हात फिरवायला जागा बऱ्यापैकी मिळते, ड्यूरा शिवणं सोपं जातं, आणि गरज पडली तर दोन मिनिटांत छेद वाढवता येतो. मागे-डावीकडे असलेल्या २ सेंटिमीटरच्या गाठीसाठी ही पद्धत अगदी चपखल बसते. पहिल्या सर्जनना सरळ विचारा : ‘एकाच बाजूने जाऊन काढता येईल का?’ मोठा छेद सांगणारे अनेक सर्जन या प्रश्नावर चित्रं पुन्हा उघडून बघतात.

नळीच्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं आणि कुठे अडतं, ते थोडं सविस्तर सांगतो, म्हणजे तुम्हाला सर्जनशी बोलताना नेमके प्रश्न सुचतील.

पहिली पायरी मणका मोजण्याची, आणि चूक होण्याची सगळ्यात जास्त भीती इथेच. छातीमागचे मणके क्ष-किरणात एकसारखे दिसतात. कुणाला बरगड्यांची एक जोडी कमी किंवा जास्त असते, कुणाचा कमरेचा शेवटचा मणका माकडहाडाच्या वरच्या हाडाला जुळलेला असतो. एमआरआयवाल्यांनी मानेपासून खाली मोजलं आणि ऑपरेशनमध्ये खालून वर मोजलं तर एका मणक्याचा फरक पडतो. उघड्या ऑपरेशनमध्ये वर-खाली सरकून चूक सुधारता येते. नळीची खिडकी जेमतेम दोन सेंटिमीटरची, त्यामुळे तिथे नुसता निरोगी ड्यूरा दिसतो. म्हणून मानेपासून माकडहाडापर्यंतच्या अखंड एमआरआयवर आणि साध्या एक्स-रेवर दोन्ही बाजूंनी मोजून आकडा जुळवावा लागतो. हाडं विरळ असतील किंवा शरीर स्थूल असेल तर सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन टेबलाजवळच्या क्ष-किरण यंत्रावर, मणके धूसर दिसतात. अशा वेळी काही ठिकाणी आदल्या दिवशी त्या पातळीवर खूण बसवून घेतात.

भूल नेहमीची चालत नाही. हातापायांच्या नसांचे संदेश ऑपरेशनभर मोजायचे असतात आणि श्वासातून देण्याच्या भुलीने ते दबतात. म्हणून प्रोपोफॉल आणि वेदनाशामक शिरेतून सतत देतात. श्वासनळीत नळी घातल्यावर स्नायू ढिले करणारं औषध पुन्हा देत नाहीत. आईंना पालथं झोपवताना पोट मोकळं लोंबतं राहायला हवं. पोटावर दाब आला की मणक्यातल्या शिरा फुगतात आणि सगळं ऑपरेशन रक्तात चालतं. डोळ्यांवर दाब नको. पालथं करण्याआधी आणि नंतर नसांचे संदेश मोजून ठेवतात, म्हणजे नुसत्या कुशीबदलानेच काही बिघडलं तर लगेच कळतं. मज्जारज्जूला रक्त कमी पडू नये म्हणून सरासरी रक्तदाब साधारण ८० ते ८५च्या वर धरतात.

छेद मध्यरेषेपासून २-३ सेंटिमीटर डावीकडे. स्नायू कापत नाहीत. एकावर एक जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवून त्यांचे तंतू विलग करतात आणि शेवटी १८ ते २६ मिलिमीटर व्यासाची नळी हाडावर टेकवून टेबलाला पकडीने घट्ट बसवतात. पूर्वी आधी बारीक तार घालत. ती दोन कमानींच्या फटीतून आत निसटली तर थेट मज्जारज्जूत जाते, म्हणून बरेच सर्जन आता तार टाळून पहिली बोथट नळीच क्ष-किरणाखाली हाडावर टेकवतात. हे विचारून घेण्यासारखं आहे.

मग सूक्ष्मदर्शकाखाली हिऱ्याच्या कणांच्या ड्रिलने डावी कमान घासून काढतात. नळी आणि टेबल थोडं कलतं करून मधल्या काट्याचा पाया आणि पलीकडची कमान आतून कोरतात. त्याने मध्यरेषेपलीकडेही दिसतं आणि उजवीकडचे स्नायू अस्पर्शित राहतात. कमानीखालचा पिवळा बंध शेवटपर्यंत ठेवतात, तो ड्रिलपासून ड्यूराला सांभाळतो. बाहेरच्या अंगाला मणक्यांचा सांधा असतो, तो खाल्ला गेला तर पुढे स्क्रू घालायची वेळ येऊ शकते.

ड्यूरा उघडण्याआधी दोन कामं झालीच पाहिजेत. हाडातून आणि शिरांतून झिरपणारं रक्त पूर्ण थांबवणं, कारण नळी म्हणजे अरुंद विहीर, वरचा प्रत्येक थेंब तळाशीच जाऊन साचतो. आणि छोट्या सोनोग्राफी प्रोबने ड्यूराच्या बाहेरूनच गाठीची दोन्ही टोकं बघणं. टोक हाडाखाली लपलं असेल तर हाड आत्ताच वाढवून काढायचं. ड्यूरा उघडून बसल्यावर ड्रिल चालवणं धोक्याचं.

गाठ अख्खी ओढून काढत नाहीत. मेनिन्जिओमाला रक्त ड्यूरातून येतं, म्हणून जिथे पोचता येईल तिथे आधी मूळ जाळून तिची रसद तोडतात. मग गाठ कंपनांनी फोडून शोषून घेणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्राने ती आतून पोकळ करतात, कवच खचतं, आणि ते मज्जारज्जूपासून दूर, रिकाम्या झालेल्या बाजूकडे वळवून घेतात. मज्जारज्जूला ढकलायचं नाही, हा नियम अभंग. मध्येच नसांचे संदेश घसरले तर हात थांबतो, कोमट सलाइन सोडतात, रक्तदाब वाढवतात, आणि संदेश परत येईपर्यंत थांबतात. गाठ श्वानोमा निघाली तर ती नसेच्या एका तंतूवर असते. तो तंतू विजेने तपासतात, स्नायू हलला नाही तर कापतात. छातीच्या भागातला असा तंतू गेला तर फार बिघडत नाही. मानेच्या खालच्या किंवा कमरेच्या भागात हाच निर्णय हातापायाच्या ताकदीचा असतो.

गाठ निघाल्यावर तिच्या मुळाचा ड्यूरा उरतो. तो कापून काढला तर तिथे ठिगळ लावावं लागतं आणि नळीतून ते फार अवघड आहे. त्यामुळे तिथे बहुधा मूळ नीट जाळतात, किंवा ड्यूराचा आतला थर तेवढा सोलून बाहेरचा ठेवतात. गाठ परत येण्याचा धोका यावर काहीसा अवलंबून असतो, आणि ते वर्षानुवर्षं पुढचं असतं. एकसष्टीच्या बाईत नीट जाळलेलं मूळ बहुतेक सर्जन पुरेसं मानतात. तिशीतल्या रुग्णाला आम्ही हेच सांगितलं नसतं.

आणि मग शिवण. आमच्या मते नळीच्या ऑपरेशनची खरी परीक्षा इथेच होते. सहा-सात सेंटिमीटर खोल, दोन-अडीच सेंटिमीटरच्या तोंडातून, केसाएवढ्या ५-० किंवा ६-० धाग्याने पाणी न झिरपेल अशी शिवण घालायची. त्यासाठी लांब, कोन दिलेली सुईपकड आणि गाठ खाली सरकवणारं साधन लागतं. काही जण टायटॅनियमच्या बारीक क्लिपा वापरतात, त्यांनी पुढे एमआरआयला अडचण येत नाही. शिवून झाल्यावर भूलतज्ज्ञ फुफ्फुसांवर काही सेकंद दाब धरतात आणि कुठे थेंब येतो का ते बघतात. वरून फायब्रिनचा डिंक लावतात, पण डिंक हा शिवणीला जोड आहे, तिची जागा तो घेत नाही. इथे नळीचा एक खरा गुण कामी येतो. ती काढली की स्नायू आपोआप जुळतात, पोकळी उरत नाही, आणि किरकोळ झिरपलंच तरी साचायला जागा मिळत नाही.

नळी कुणाला नको? गाठ तीन मणक्यांहून लांब असेल, मज्जारज्जूच्या अगदी पुढच्या बाजूला रुंद बसली असेल आणि कडक असेल, मणक्याच्या छिद्रातून छातीत मोठी पसरली असेल, मज्जारज्जूच्या आत शिरली असेल, किंवा त्याच जागी आधी ऑपरेशन झालं असेल. छातीत मोठी पसरलेली गाठ काढायला छातीच्या दुर्बिणीची जोड देतात, तो वेगळा विषय. ‘दुर्बिणीतून’ या शब्दाबद्दल मात्र सावध राहा. त्या नावाखाली कुणी सूक्ष्मदर्शक, कुणी नळी आणि कुणी एंडोस्कोप सांगतं. निव्वळ एंडोस्कोपने ड्यूराच्या आतली गाठ काढणारे हात मोजकेच आहेत. आणि जाहिरातीत ‘लेझर’ दिसला म्हणून चिरफाड कमी होते असं नाही.

दुसऱ्या सर्जनना आम्ही हे विचारलं असतं : ड्यूराच्या आतल्या किती गाठी तुम्ही नळीतून काढल्यात? नळीतून डिस्कची ऑपरेशनं शेकड्यांनी केलेली असणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे ड्यूरा उघडत नाहीत. नसांचे संदेश मोजणारी व्यक्ती ऑपरेशनभर हजर असेल का? अल्ट्रासॉनिक यंत्र आणि सोनोग्राफी प्रोब आहे का? मणका कसा मोजणार? पाणी गळलं तर काय करता? आणि अडलं तर तिथल्या तिथे छेद वाढवाल ना? या शेवटच्या प्रश्नावर ‘हो, आणि संमतीपत्रात ते लिहिलंय’ हे उत्तर हवं. छेद वाढवावा लागणं ही हार नाही. ‘वेळ येणारच नाही’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

उत्तरं समाधानकारक मिळाली तर नळी घ्या. ती तशी मिळाली नाहीत, पण पहिले सर्जन एका बाजूने जायला तयार असतील आणि अशा गाठी नेहमी काढत असतील, तर आमचं मत त्यांच्या बाजूने जाईल. दोघांबद्दलही शंका उरली तर तिसरं मत घ्या, पण आठवड्याभरात. मुंबईचं केईएम, पुण्याचं ससून, बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज अशा शिकवणाऱ्या रुग्णालयांत न्यूरोसर्जरीचे विभाग आहेत. जाताना रिपोर्टचा कागद नाही, एमआरआयची सीडी न्या. सर्जनला कापाकापाने चित्रं बघायची असतात.

खर्चाचं एकच सांगतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, पण रुग्णालय त्या योजनेत हवं आणि मंजुरी आधी यावी लागते. दाखल होण्याआधी रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. नसांची मोजणी, अल्ट्रासॉनिक यंत्राचं एकदा वापरायचं टोक आणि फायब्रिनचा डिंक पॅकेजमध्ये आहे की वेगळं बिल होतं, हे लेखी विचारा. आयत्या वेळी वाढणारं बिल बहुधा याच तीन गोष्टींचं असतं.

तयारी. अ‍ॅस्पिरिन साधारण ७ दिवस आधी थांबवतात, पण स्वतःहून थांबवू नका. हृदयात स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञांचं मत लेखी घ्या. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ते किमान ३ दिवस आधी बंद करावं लागतं, नाहीतर साखर नॉर्मल दिसत असतानाच रक्तात घातक आम्ल साचू शकतं. ही गोळी सांगायची राहून जाते, म्हणून सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्याच घेऊन जा. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, जास्त निघाला म्हणून ऑपरेशन महिनोन् महिने पुढे ढकलू नये, दाखल करून इन्सुलिनवर साखर आणता येते. सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू केलं असेल तर साखर उसळणारच, दिवसातून चार वेळा तपासा.

ऑपरेशननंतर पहिले २४ तास बहुधा सपाट झोपवतात. दर एक-दोन तासांनी पायाची बोटं, घोटे हलवायला सांगतील. आधी हलणारे पाय अचानक हलेनासे झाले तर आत रक्त साचलेलं असू शकतं, आणि तेव्हा मिनिटं मोलाची असतात. रात्रपाळीच्या नर्सबाईंना उठवायला संकोच करू नका. पायात मुंग्या, पट्टा आवळल्यासारखं वाटणं काही आठवडे वाढू शकतं, त्याने घाबरू नका. बसलं-उभं राहिलं की डोकं दुखतं आणि झोपलं की थांबतं, किंवा पट्टी पाण्यासारख्या स्वच्छ स्रावाने भिजते, तर पाणी गळतंय. टाके बघून लगेच कळवा. ताप, मान आखडणं याचंही तसंच.

घरी आल्यावर सहा आठवडे पाण्याची बादली, भरलेला कुकर, नातवंडं उचलणं नाही. वाकून केर काढणं नाही, भारतीय पद्धतीच्या संडासात खुर्ची ठेवा. कुंथावं लागू नये म्हणून इसबगोल आणि पाणी पहिल्या दिवसापासून. चालणं मात्र रोज, आधी वॉकर घेऊन, घरात पायमोजे न घालता म्हणजे घसरणार नाहीत. रात्री संडासाच्या वाटेवर दिवा हवाच, कारण पायांची जाणीव कमी असताना तोल डोळ्यांच्या आधाराने राहतो आणि अंधारात जातो. तोलाचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. सुधारणा वर्षभर होत राहते. ताकद आधी येते, पायाची जाणीव मागाहून आणि कधी अपुरी.

गाठीचा तपासणी अहवाल आल्याशिवाय प्रकरण बंद करू नका. त्यात गाठीची श्रेणी लिहिलेली असते. श्रेणी १ असेल आणि गाठ पूर्ण निघाली असेल तर तीन महिन्यांनी एक एमआरआय, मग काही वर्षं वर्षातून एकदा. श्रेणी २ किंवा ३ निघाली तर किरणोपचारतज्ज्ञांना भेटावं लागेल. गाठीचा तुकडा ज्यात जपलेला असतो तो प्रयोगशाळेतला मेणाचा ब्लॉकही मागून घरी जपून ठेवा, दुसरीकडे तपासायची वेळ आली तर तोच लागतो.